वादीची हरकत नाही

"केस आहे त्याच्यावर," कारखानीस साहेब म्हणाले आणि फाइल माझ्याकडे सरकवली. "कोर्टात. चालू आहे. तुम्ही फॉर्म बघितला नव्हता का?"

मी फॉर्म बघितला होता. नुसता बघितला नव्हता, त्यात केसचं लिहायला मीच सांगितलं होतं. पण ते त्या क्षणी बोलायचं मला धाडस झालं नाही. "बघते सर," म्हटलं आणि फाइल उचलून बाहेर आले.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अणुऊर्जेपासून वीज बनवणाऱ्या एका सरकारी संस्थेच्या मुंबईतल्या हेड ऑफिसात मी पर्सोनेल ऑफिसर होते, आणि कारखानीस साहेब माझे वरिष्ठ. बार्शीला माझ्या माहेरी सगळ्यांना वाटायचं की मी रोज सकाळी उठून अणू फोडते. प्रत्यक्षात मी रजा, बढत्या, बदल्या आणि पेन्शन बघायचे. अणू मी कधी पाहिला नाही. कर्मचारी मात्र पुष्कळ पाहिले.

आमच्या एका वीजकेंद्राचे चीफ सुपरिंटेंडेंट महिनाअखेरीला रिटायर होणार होते. चीफ सुपरिंटेंडेंट म्हणजे केंद्र चालवणारा माणूस. अणुभट्टी चालू ठेवायची की बंद करायची, दुरुस्ती आज की उद्या, कोण कुठल्या पाळीत, हे सगळं त्याच्या शब्दावर चालतं. खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. त्या जागेसाठी इंटरव्ह्यू झाले, त्यात टिपणं घ्यायला मी होते. निवड समितीने पॅनेल केलं. पॅनेल म्हणजे क्रमवार यादी. पहिल्याला काही अडलं तर दुसरा, त्यात पुन्हा चर्चा नाही.

पहिलं नाव श्रीधर सुर्वे. रत्नागिरीकडचे, वय पन्नाशीच्या आतबाहेर, त्याच केंद्रात वीस वर्षं काढलेली. दुसरे हेड ऑफिसातलेच एक साहेब. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना आपण नंबर दोन म्हणू. हुशार माणूस, इंग्रजी पाण्यासारखं.

इंटरव्ह्यूत अध्यक्षांनी दोघांनाही एकच प्रश्न विचारला. "नोकरीत तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती?"

नंबर दोन म्हणाले, "सर, कामापायी घरच्यांना वेळ देता आला नाही."

सुर्वे म्हणाले, "मी शिफ्ट इनचार्ज असताना चुकीच्या पंपाची टेस्ट घ्यायला सांगितली. भट्टी ट्रिप झाली."

ट्रिप होणं म्हणजे भट्टीने स्वतःहून बंद पडणं. काही बिघडलंय असं यंत्रणेला वाटलं की ती कुणाला विचारत बसत नाही. त्यात धोका नसतो, उलट धोका होऊ नये म्हणूनच ती सोय. पण एकदा बंद पडली की लगेच चालू करता येत नाही. दीड-दोन दिवस हात बांधून बसावं लागतं, आणि तेवढे दिवस वीज नाही.

"लॉगबुकात काय लिहिलंत?" अध्यक्षांनी विचारलं. लॉगबुक म्हणजे पाळीची रोजनिशी.

"ऑपरेटरची चूक नाही, सूचना मीच चुकीची दिली, असं."

"लिहिलं नसतं तर कळलं असतं कुणाला?"

"नाही सर."

"मग लिहिलंत कशाला?"

सुर्व्यांना प्रश्न कळला नसावा असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. "पुढच्या शिफ्टला कळायला नको?" ते म्हणाले.

अध्यक्षांनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. त्या खुर्चीत असाच माणूस हवा, एवढं ते समितीला म्हणाले.

मग आला फॉर्म. आमच्याकडे कुठल्याही पदावर नेमणूक करण्याआधी प्रत्येकाकडून एक लांबलचक फॉर्म भरून घेतात. बापाचं नाव, गाव, कधी अटक झाली होती का, असलं सगळं. त्यात एक रकाना होता: 'सध्या आपल्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात कोणताही दावा चालू आहे काय?' सुर्व्यांनी केंद्रातून मला ट्रंक कॉल केला. "मॅडम, गावाला चुलतभावाबरोबर झाडावरून एक दिवाणी दावा आहे. तो लिहायचा का?"

समोर पेन्शनचे दोन कागद सापडत नव्हते म्हणून मी वैतागले होते. "लिहा की," मी म्हटलं. "झाडाबिडाला कोण विचारतंय?"

त्यांनी 'होय' लिहिलं. दक्षता विभागाने फाइल अडवली. दक्षता विभाग म्हणजे सरकारी माणसाच्या चारित्र्यावर डोळा ठेवणारा विभाग, आणि तिथल्या भाटिया साहेबांना झाडाशी देणंघेणं नव्हतं. रकान्यात 'नाही' असेल तर क्लिअरन्स, 'होय' असेल तर चौकशी. चौकशीला तीन महिने. आणि केंद्राचे चीफ बारा दिवसांनी रिटायर.

बारा दिवसांनी आपोआप नंबर दोन.

मला स्वतःचा भयंकर राग आला. आमच्या हेड ऑफिसात कोकणातली माणसं मोप होती. दुपारी डबा खाताना पुढची तारीख कधीची, वकील कोण, गडगा कुणी सरकवला, याशिवाय त्यांच्यात बोलणं नसायचं. गडगा म्हणजे तिकडे जांभ्या दगडाचा बांध. मी त्यांचे फॉर्म काढून बघितले. झाडून सगळ्यांनी 'नाही' लिहिलं होतं. आमच्या कॅशियरच्या तर तीन केसेस होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, त्याला केस म्हणत नाहीत. ते घरचं आहे."

मी कारखानीस साहेबांकडे परत गेले. "सर, मी रत्नागिरीला जाते. परवा तारीख आहे, सुर्वे रजा काढून तिथेच आहेत. चुलतभावाला समजावते. दावा मागे घेतला की रकान्याचं काम संपलं."

"तुम्ही कोर्टकचेरीत पडणार?"

"दुसरं कोण आहे सर?"

ते विचारात पडले. त्यांनाही नंबर दोन नको होते, पण तसं ते फाइलवर लिहू शकत नव्हते. त्यांनी माझ्या टूरवर सही केली. प्रवासाचं कारण या जागी 'प्रशासकीय' असं लिहिलं.

रत्नागिरीच्या स्टँडवर सकाळी उतरले तेव्हा अंग आंबून गेलं होतं. तोंड धुतलं, चहा घेतला आणि चालतच कोर्टात गेले. फेब्रुवारी होता. व्हरांड्यात माणसं उकिडवी बसून आंब्याचा मोहोर किती गळला ते बोलत होती. कुणाच्याही चेहऱ्यावर भांडायला आल्याची कळा नव्हती.

सुर्वे मला पाहून उभेच राहिले. "मॅडम? तुम्ही इथे?"

त्यांच्याबरोबर साठीचा एक उंच, सडसडीत माणूस होता. धोतर, वर कोट, डोक्याला काळी टोपी. दोघे नुकतेच गावच्या एसटीतून उतरून आलेले. एकच कापडी पिशवी दोघांत, आणि तिचा एकेक बंद दोघांच्या हातात. सुर्वे म्हणाले, "हे यशवंतदादा. दादा, ह्या आमच्या हेड ऑफिसच्या मॅडम. बसा, मी वकिलांना भेटून येतो." आणि ते आत गेले.

थोरले भाऊ दिसताहेत, मी मनात म्हटलं. घरचं वडीलधारं माणूस मिळालं, बरं झालं. मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मोठी जागा, उरलेले दहा दिवस, रकाना. सांगता सांगता माझा पारा चढला. "एका झाडापायी हो! तो कोण चुलतभाऊ आहे, त्याला काही जनाची नाही तर मनाची? इतक्या वर्षांत एक झाड सोडवेना त्याला? मला नुसता भेटू दे."

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. "भेटलाय की," ते म्हणाले. "तो मीच."

मी त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"पण तुम्ही... एकाच एसटीने आलात?"

"गावातनं सकाळची एसटी एकच हाय. तो काय उडत येणार?"

"आणि पिशवी?"

"डबा हाय त्यात. आमच्या हिनं दोघांचा दिलाय. त्याची बायको तिकडे कॉलनीत. मग हा उपाशी ऱ्हाणार काय? दावा झाडाचा हाय, भाकरीचा नाय."

आमच्या बार्शीकडे दावा लागला की माणसं एकमेकांच्या मयताला जात नाहीत. इथे वादी-प्रतिवादींचा डबा एकच होता. वादी म्हणजे दावा लावणारा, प्रतिवादी म्हणजे ज्याच्यावर लावला तो. मी जेवढी होती तेवढी लाज गोळा करून माफी मागितली. दादांनी ती हात हलवून उडवून लावली आणि मला झाडाबद्दल सांगितलं.

झाड रातांब्याचं. त्याच्या फळाच्या सालीची आमसुलं करतात, आमटीत घालतो ती. दोघांच्या आगरांमध्ये, म्हणजे माड-पोफळीच्या बागांमध्ये, गडगा, आणि गडग्याला लागून हे झाड. दादांचं म्हणणं, झाड पहिल्यापासून आमच्या बाजूला, श्रीधरच्या वडिलांनी गडगा सरकवून ते आपल्यात घेतलं. दावा दोघांच्या वडिलांनी सुरू केला. ते दोघेही गेले. आता हे चालवत होते.

"मागे घ्या ना दादा," मी म्हटलं. "एवढा मोठा मान मिळतोय तुमच्या भावाला."

"बाय, मी जिंकत आलोय. जिंकायच्या वख्ताला मागे घेऊ?"

"मग त्यांनाच झाड सोडायला सांगते."

"त्यानं मागेच सांगितलंन. घे म्हणाला झाड. मी नाय म्हटलं."

"का?"

"दिलेलं नको. उद्या त्याची पोरं म्हणतील, आमच्या बापाने दान केलं. कोर्टाने दिलं पायजे. माझं हाय ते मला दिलं, असं कागदावर हवं."

मी कपाळाला हात लावला. दावा मागे घेता येत नव्हता, कारण हे जिंकत होते. झाड सोडता येत नव्हतं, कारण हे फुकट घेत नव्हते. वीजकेंद्राची खुर्ची रातांब्याला टांगली होती आणि मी शेजारी बसून चडफडत होते.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "जिंकताय कशावरून?"

दादांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळून बघितलं.

"त्याच्या जबानीवर. गेल्या वर्षी हा पिंजऱ्यात उभा. माझ्या वकिलाने सहज खडा टाकून बघितला. तुमच्या वडिलांनी गडगा कधी हलवला होता काय? आमच्याकडे पुरावा कसला, काय नाय. ह्याच्या वकिलाने ह्याला पढवून ठेवलेला, आठवत नाय एवढंच म्हण. पन्नास वर्षांचा माणूस, नाय आठवत म्हणाला तर कोण विचारणार? आणि हा म्हणतो, होय. हलवला. हातभर. मी दहा वर्षांचा होतो, दगड मीच उचलून देत होतो." दादा थांबले. "त्याचा वकील खालीच बसला. जज्जसाहेबांनी परत विचारलं, नक्की काय? हा म्हणतो, नक्की."

"मग?"

"मग काय? एसटीत मी विचारलं त्याला, मेल्या, सांगितलंस कशाला? तर म्हणतो, विचारलं म्हणून."

बोलताना त्यांच्या आवाजात राग होता की अभिमान, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं. हेच उत्तर मी मुंबईच्या एसी खोलीत ऐकलं होतं, फक्त तिथे पंप होता आणि इथे गडगा.

"दादा," मी म्हटलं, "हे कोर्टाच्या कागदात आहे?"

"शब्दन् शब्द."

"आणि तुम्ही मला हे लिहून द्याल? वादी म्हणून?"

त्यांनी विचार केला. "दावा मागे घेतला असं नाय लिहिणार."

"नका लिहू. चालू आहे असंच लिहा."

ही अट त्यांना पसंत पडली. त्यांनी अर्ज लिहिणाऱ्याकडून एक फुलस्केप आणला, बाकावर मांडी घातली आणि सावकाश, प्रत्येक अक्षरावर रेघ मारत लिहिलं. तो कागद पुढे मी इतक्या वेळा वाचला की पाठ झाला:

'सदर इसम श्रीधर सुर्वे हा माझा चुलतभाऊ व प्रतिवादी आहे. तो हट्टी आहे. गावच्या कामात उपयोगी पडत नाही. गणपतीत आरती बेसूर म्हणतो. परंतु तो खोटे बोलत नाही, स्वतःचे नुकसान होत असले तरी नाही, हे मी कोर्टात डोळ्यांनी पाहिले आहे. सबब त्याचे ताब्यात अणुभट्टी देण्यास वादीची हरकत नाही. दावा चालू राहील.'

तेवढ्यात सुर्वे बाहेर आले. दादांच्या वकिलांचा घसा बसला होता, म्हणून पुढची तारीख मिळाली होती. मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, आणि एवढंच म्हणाले, "आरती बेसूर हे कशाला?"

"खरं हाय म्हणून," दादा म्हणाले.

आता जबानीची नक्कल हवी होती, सही-शिक्क्याची. सुर्व्यांनी अर्ज केला. कारकुनाने चष्म्यावरून बघत आठ दिवस सांगितले. दादा पुढे झाले. एवढ्या वर्षांच्या तारखांत कोर्टातला प्रत्येक माणूस त्यांच्या घरचा झाला होता. "अरे, माझ्याच विरुद्धच्या पार्टीला पायजे. मी सांगतोय ना, दे," ते म्हणाले. असा अर्ज कारकुनानेही कधी पाहिला नसावा. चार वाजता नक्कल हातात पडली. मधल्या वेळात आम्ही तिघांनी व्हरांड्यात बसून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खाल्ली. डबा दोघांचा होता, पण पुरला.

मुंबईला परत आले त्या दिवशी कारखानीस साहेबांच्या केबिनमध्ये भाटिया साहेब बसलेले होते. मी जबानीचं इंग्रजी भाषांतर आणि दादांचा कागद समोर ठेवला. कारखानीसांनी कागद मोठ्याने वाचला. बेसूर आरतीपाशी ते अडखळले, पण वाचलं.

"म्हणजे केस चालूच आहे," भाटिया म्हणाले. त्यांचं मराठी चांगलं होतं.

"हो सर."

"आणि ज्याने केस केली त्यानेच कॅरेक्टर सर्टिफिकेट दिलं?"

"हो सर."

"याला प्रिसिडंट आहे काही?" प्रिसिडंट म्हणजे पूर्वी कुणी असं केल्याचा दाखला. सरकारात तो नसला की काम होत नाही.

"नाही सर."

भाटियांनी जबानी पुन्हा वाचली. बराच वेळ लावून वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "एक कळत नाही. असल्या केसेस कोणी लिहीत नाही. माझ्याकडे हजार फॉर्म येतात. याला हे लिहायला सांगितलं कोणी?"

कारखानीस खिडकीबाहेर बघत होते. 'माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. ट्रंक कॉलची नोंद कुठे नसते, आणि सुर्वे तर स्वतःहून माझं नाव घेणारे नव्हते. नियम न बघता अधिकाऱ्याला फोनवर सल्ला दिला म्हणून मला मेमो मिळू शकत होता, आणि माझी बढती जूनमध्ये होती. माझ्या डोळ्यांसमोर तो काळ्या टोपीचा माणूस आला.

"मी," मी म्हटलं. "त्यांनी फोनवर विचारलं होतं. मी नियम न बघता सांगितलं, लिहा."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" कारखानीसांनी विचारलं.

"घाबरले होते सर."

भाटियांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. त्यांनी पेन काढलं आणि फाइलवर लिहिलं: 'दावा दिवाणी व कौटुंबिक स्वरूपाचा. उमेदवाराच्या सचोटीस बाधक नसून पूरक. क्लिअरन्स.' मग उठता उठता कारखानीसांना म्हणाले, "या मॅडमना मेमो द्या. नियम आहे."

तो मला मिळाला. बढती एक वर्ष पुढे गेली. सुर्वे मात्र एक तारखेला खुर्चीत बसले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या काळात त्या केंद्राची लॉगबुकं हेड ऑफिसात सगळ्यात खराब दिसायची. इतर केंद्रांत कागदावर चुका होतच नव्हत्या. इथे दर आठवड्याला कुणी ना कुणी आपली चूक लिहून ठेवत असे, आणि पुढची शिफ्ट ती वाचत असे. केंद्र बिनबोभाट चाललं.

त्यानंतर माझ्या हातून जेवढ्या नेमणुका झाल्या त्यात मी उमेदवाराला नेहमी एक विचारत आले: ज्याच्याशी तुमचं पटत नाही अशा एका माणसाचं नाव द्या. बहुतेक सगळे म्हणायचे, मॅडम, माझं सगळ्यांशी पटतं. अशांची फाइल मी जरा जास्त वेळ वाचत असे.

तीनेक वर्षांनी माझ्या टेबलावर सुर्व्यांकडून एक फॉर्म आला. सरकारी अधिकाऱ्याला कुणी भेट दिली तर कळवावं लागतं, त्याचा. नातेवाइकांकडच्या किरकोळ वस्तू कोणी कळवत नाही. हा फॉर्म मात्र नीट भरला होता. भेटीचे स्वरूप: आमसुले, एक डबा. देणाऱ्याशी नाते: चुलतभाऊ. देणाऱ्याशी काही व्यवहार अथवा वाद आहे काय: होता. मी हरलो.

फॉर्मला दादांची चिठ्ठी टाचली होती. 'झाड कोर्टाने माझे ठरवले असल्याने ही आमसुले भेट समजावी, हक्क समजू नये. मेमोवाल्या बाईंना अर्धी द्यावीत.'

मी फॉर्मवर 'नोंद घेतली' असं लिहिलं. मग दुसरा कोरा फॉर्म घेतला आणि माझ्या वाट्याच्या अर्ध्या डब्यासाठी तो भरायला बसले.